जखमी नानेटी आणि एका रात्रीचा आसरा

भाद्रपद सरत आलेला असतो. कर्जत-खालापूर परिसरातील फार्महाऊसच्या आवारात गवत कमरेएवढे वाढलेले असते आणि शनिवार-रविवारची सुटी साधून मुंबईहून, पुण्याहून आलेली मंडळी गवत कापण्याचे यंत्र सुरू करतात. अर्ध्या तासात यंत्र थांबते. कापलेल्या गवतात हातभर लांबीचा, पाठीवर दोन पिवळसर पट्टे असलेला एक साप वळवळत असतो. पात्याने त्याची पाठ बोटभर सोलून काढलेली असते. भोवती पाच माणसे जमतात आणि पाच मते पडतात. एक म्हणतो, 'मारून टाका, नाही तर डूख धरील.' दुसरा हळदीचा डबा आणायला धावतो. तिसऱ्याच्या हातात दुधाची वाटी असते. चौथा मोबाइलवर उपाय शोधू लागतो. पाचवी असते घरातली एखादी शाळकरी मुलगी. ती विचारते, 'बरा होईपर्यंत याला आपल्याकडेच ठेवू या का?'

पहिल्या चौघांची समजूत घालणे त्या मानाने सोपे आहे. सापाच्या मेंदूत सूड धरण्याइतकी सोय नाही, हे आता पाठ्यपुस्तकातही लिहिलेले असते. अवघड आहे ते त्या मुलीला उत्तर देणे. तिची कणव खरी आहे आणि तरीही तिला 'नाही' म्हणावे लागते. मात्र ते 'नाही' अर्धेच आहे. जखमी सापाला आपल्या घरात एका रात्रीचा आसरा देता येतो, प्रसंगी द्यावाही लागतो. त्याचा दवाखाना मात्र आपल्या घरात थाटता येत नाही. आसरा कोठे संपतो आणि दवाखाना कोठे सुरू होतो, हे ठाऊक नसल्यामुळे दयाळू माणसांच्या हातूनही साप दगावतात.

गवतात सापडलेली ती म्हणजे नानेटी. पूर्णपणे बिनविषारी, दिवसा हिंडणारी, साधारण दीड फूट लांबीची आणि स्वभावाने इतकी शांत, की हाताळले तरी ती सहसा चावत नाही. फार बिथरली तर अंग चपटे करते. मग खवल्यांच्या मधली निळसर, लालसर कातडी दिसू लागते आणि पाहणारा उगाचच दोन पावले मागे सरतो. प्राण्यांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या कार्ल लिनिअसने १७५८ मध्येच या सापाची नोंद केली. रोमन स्त्रियांच्या 'स्टोला' नावाच्या लांब वस्त्रावरून त्याने तिचे नामकरण केले. उत्तर अमेरिकेत घरोघरच्या बागांतून दिसणारा 'गार्टर' साप हा नानेटीचा लांबचा भाऊबंद. त्याला नाव मिळाले ते मोजे बांधण्याच्या पट्टीवरून. दोघांच्याही अंगावर लांबच लांब पट्टे, दोघेही पाण्याच्या आसपास राहणारे, दोघेही बेडकांचे शौकीन.

या भाऊबंदकीचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. मोबाइलवर उपाय शोधणाऱ्या त्या चौथ्या गृहस्थांना जे सल्ले सापडतात, ते बहुधा याच गार्टर सापासंबंधीचे असतात. त्याला गांडुळे खाऊ घाला, दिव्याची ऊब द्या, काचेच्या पेटीत ठेवा, वगैरे. तेथे हा साप पाळण्याची प्रथा आहे, सरपटणाऱ्या प्राण्यांचे वैद्य गावोगावी नसले तरी शहरोशहरी आहेत आणि थंडीचे प्रमाणच असे, की कृत्रिम उबेवाचून जखमी साप तगणे कठीण. कोकणातल्या सप्टेंबरमध्ये खोक्यावर साठ वॉटचा दिवा लावला तर साप रात्रीत भाजून निघेल. एका देशातला पथ्यपाण्याचा कागद दुसऱ्या देशातल्या रोग्याला असा उपयोगी पडत नाही.

नानेटी या भागात एवढी का आढळते, हे समजायला जमिनीकडे पाहावे. माथेरानच्या डोंगराच्या एका अंगाला उल्हास, दुसऱ्या अंगाला पाताळगंगा. मध्ये भातखाचरे, ओहोळ आणि पावसाळ्यात जागोजाग साचणारी डबकी. त्यातही कर्जतची गोष्ट निराळी. टाटांच्या भिवपुरी येथील जलविद्युत केंद्रातून १९२२ पासून बाहेर पडणारे पाणी राजनाल्याच्या वाटेने शेतात खेळते, म्हणून जेथे बाकीचे कोकण उन्हाळ्यात करपलेले असते तेथे कर्जतच्या काही गावांत दुबार भात उभा असतो. भात आहे म्हणजे पाणी आहे, पाणी आहे म्हणजे बेडूक आहेत आणि बेडूक आहेत म्हणजे नानेटी व विरोळा आहेत. विरोळा म्हणजे देशावर ज्याला दिवड म्हणतात तो पाणसाप. तोही बिनविषारी, पण नानेटीइतका सोशिक नव्हे. कडकडून चावतो आणि रक्त काढतो.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या खाचरांच्या शेजारी दुसरे जग उभे राहिले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, खालापूरच्या टोलनाक्याच्या आसपास हॉटेले आली, चौक-कर्जत आणि कर्जत-मुरबाड रस्त्यांची वाहतूक वाढली, बांधांच्या जागी कुंपणाच्या भिंती आल्या. सापांना होणाऱ्या इजांचे प्रकारही त्याबरोबर बदलले. पूर्वी काठी हेच मुख्य कारण होते. आता गवत कापण्याचे यंत्र, मोटारीचे चाक, भाजीच्या वाफ्यावर किंवा तळ्यावर टाकलेली नायलॉनची जाळी, उंदरांसाठी मांडलेले चिकट पुठ्ठे आणि पाळीव कुत्री-मांजरे यांची भर पडली आहे. काठी अर्थातच कोठे गेलेली नाही. 'साप म्हणून भुई धोपटणे' हा आपल्या भाषेतला नुसता वाक्प्रचार नसून अनेक अंगणांतले नित्याचे दृश्य आहे, आणि अर्धवट धोपटलेला साप हा सर्वांत वाईट रुग्ण असतो. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात नार्सिस येथे गार्टर साप हिवाळी बिळांतून हजारोंच्या संख्येने बाहेर पडतात. तेथील महामार्गावर ते चिरडले जाऊ लागले तेव्हा रस्त्याखालून लहान बोगदे काढले गेले आणि साप तिकडे वळावेत म्हणून कडेने कुंपण घातले गेले. आपल्याकडे पाण्याच्या मोऱ्या आधीपासूनच आहेत. त्या कचऱ्याने बुजू दिल्या नाहीत तरी पुष्कळ होईल.

आता मूळ प्रसंगाकडे. साप जखमी दिसला की पहिला प्रश्न 'काय करावे' हा नसून 'हा कोण' हा असतो. वर वर्णन केलेली नानेटी ओळखायला सोपी, असे वाटते. पण चिखलाने माखलेला, रक्ताळलेला, पिळवटून पडलेला साप पुस्तकातल्या चित्रासारखा दिसत नाही. शिवाय या परिसरात जोड्याच अशा आहेत, की जाणकारही क्षणभर थबकतो. घरात शिरणारा निरुपद्रवी कवड्या आणि झोपेत दंश करणारी मण्यार. रानातला बिनविषारी हिरवा गवत्या आणि माथेरानच्या बाजूच्या झाडीत आढळणारा विषारी हिरवा चापडा. डुरक्या घोणस आणि खरी घोणस. विरोळा मान पसरून फणा काढल्याचा आव आणतो आणि नागाच्या नावाखाली मार खातो. फुरशाची लांबी जवळजवळ नानेटीएवढीच असते. म्हणून नियम एकच: शंभर टक्के खात्री नसेल तर हात लावायचा नाही. नव्वद टक्के खात्री म्हणजे खात्री नव्हे. निपचित पडलेला साप मेलेला असेलच असे नाही, आणि मेलेला असला तरी तुटलेले डोकेसुद्धा काही काळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकते.

खात्री नसेल तेव्हा करण्याजोगे काम फार थोडे असते. पण तेच महत्त्वाचे. माणसे आणि कुत्री दूर करावीत, सापावर ऊन येत असेल तर लांबूनच सावली होईल असे काही उभे करावे, एकाने सुरक्षित अंतरावरून नजर ठेवावी आणि दुसऱ्याने दूरध्वनी करावा. महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. कर्जत आणि खालापूर येथे वन विभागाची कार्यालये आहेत, आणि त्यांच्या परिचयाचे सर्पमित्रही असतात. सर्पमित्राला बोलावताना त्याची वन विभागाकडे नोंद आहे का, हे विचारायला संकोच वाटू नये. या चळवळीने महाराष्ट्रात हजारो सापांचे प्राण वाचवले, याबद्दल दुमत नाही. पण पकडलेला साप बरणीत घालून चार दिवस मिरवणारे, गळ्यात नाग घालून छायाचित्रे काढून घेणारे काही हौशीही त्याच नावाने वावरतात, आणि जखमी सापाला त्यांच्याइतके धोक्याचे दुसरे कोणी नाही.

समजा, ती नानेटीच आहे, याबद्दल शंका उरलेली नाही आणि रस्त्यावर किंवा मुंग्यांच्या वाटेत पडलेली असल्यामुळे तिला हलवणे भाग आहे. तरीही फोन आधी, हात नंतर. सापाच्या पाठीच्या कण्यात दोनशेहून अधिक मणके असतात आणि मार बसलेल्या सापाचा कणा कोठे तरी मोडलेला असण्याची शक्यता नेहमी धरून चालावे. शेपटीला धरून लोंबकळत उचलले तर अर्धवट तुटलेले काम आपल्या हातून पूर्ण होते. मानेला चिमटीत धरणे हेही तितकेच वाईट. पुठ्ठ्याचा सपाट तुकडा किंवा रुंद सूप अंगाखाली हळूच सरकवावे, वरून मऊ फडके टाकावे आणि सगळे शरीर एकाच पातळीत ठेवून उचलावे. आजारी माणसाला चादरीवरून खाटेवर घेतात, तसेच.

ठेवायचे कशात? झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा उत्तम. पुठ्ठ्याचा खोका ओलाव्याने मऊ पडतो आणि करंगळीएवढ्या फटीतून नानेटी निसटते. निसटलेली जखमी नानेटी फ्रिजच्या मागे मरून पडली, की घराचा वास तीन दिवस जात नाही, हा भाग वेगळाच. डब्याला हवेसाठी बारीक छिद्रे पाडावीत, पण साप आत ठेवण्यापूर्वी आणि आतून बाहेरच्या दिशेने. म्हणजे आतल्या बाजूला धारदार कड राहत नाही. तळाशी कोरे किंवा वर्तमानपत्राचे कागद. माती, भुसा, कापूस यांतले काहीही नको, कारण ते जखमेला चिकटते. लपायला चुरगळलेला कागद पुरे. डबा घरातल्या सर्वांत शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावा. वातानुकूलित खोली नको, ऊन नको, दिवा नको. स्वयंपाकघर तर नकोच. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून टायफॉइडच्या जंतूंच्या जातकुळीतले साल्मोनेला जंतू येऊ शकतात, म्हणून प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत.

पाणी द्यावे, तेही उथळ बशीत आणि साप डोके उचलून धरू शकत असेल तरच. दूध देऊ नये. साप दूध पीत नाही. तहानेने कासावीस झालेला साप समोर येईल ते द्रव तोंडात घेतो, आणि नागपंचमीला आपण त्यालाच भक्तीचा पुरावा समजतो. दूध त्याला पचत नाही आणि श्वासनलिकेत गेले तर जीव जातो. तोंड उघडून काहीही पाजण्याचा खटाटोप करू नये.

जखमेविषयी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ पट्टीने काही मिनिटे हलका दाब द्यावा. जखमेत माती असेल तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाइनने ती सावकाश धुऊन काढावी. येथे आपले काम संपते. हळद भरू नये. माणसाच्या कापलेल्या बोटावर ती शोभते, पण सापाच्या खवल्यांत तिचा लगदा सुकून बसतो आणि पुढे वैद्याला आधी तोच खरवडावा लागतो. डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड, पेट्रोल, चुना, काहीही नको. चिकटपट्टी लावू नये. ती काढताना कातडी तिच्याबरोबर येते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांचा चुरा तर विचारातही आणू नये. पावसाळ्यात एका गोष्टीची मात्र घाई असते. उघड्या जखमेवर माश्या काही तासांत अंडी घालतात आणि लवकरच तेथे अळ्या दिसू लागतात. म्हणून डब्यावर पातळ सुती कापड बांधायला विसरू नये. हा साधा उपाय वरच्या सगळ्या औषधांपेक्षा मोलाचा आहे.

जाळ्यात अडकलेल्या सापाचे प्रकरण निराळे. विरोळा हटकून जाळ्यात सापडतो, कारण माशांच्या मागे तो तेथे जातोच. सापाला खेचून काढण्याऐवजी भोवतीचे जाळे कात्रीने कापावे आणि साप जाळ्याच्या तुकड्यासकट डब्यात ठेवावा. नायलॉनचा दोरा खवल्यांखाली रुतलेला असतो. तो कसा आणि कोठे कापायचा हे वैद्याने ठरवावे. येथे एक फसगत ठरलेली आहे. जाळे निघाले की साप तरतरीत दिसतो, वळवळत पळू पाहतो आणि आपण आनंदाने त्याला सोडून देतो. आवळलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटलेला असेल तर तेथील मांस मरायला काही दिवस लागतात. आपण सुटका केलेला साप मग कोठल्या तरी बांधाखाली कुजत मरतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. उंदरांच्या चिकट पुठ्ठ्यावर अडकलेल्या सापालाही ओढू नये. पुठ्ठ्याच्या मोकळ्या चिकट भागावर कागद चिकटवून तो तसाच वैद्याकडे न्यावा. अंतर फार असेल तर खाद्यतेल थेंबाथेंबाने कडेकडेने सोडून, तोंड व नाकपुड्या सांभाळून, शरीर सोडवता येते. पण त्याला तासभराचा धीर लागतो.

एवढे झाले म्हणजे रात्र संपते आणि त्या मुलीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. रात्रभर तर राहिली, मग आठवडाभर का नको?

याचे पहिले उत्तर सापाच्या शरीरात आहे. साप स्वतःची उष्णता स्वतः निर्माण करीत नाही. त्याचे पचन, त्याची प्रतिकारशक्ती, त्याच्या जखमेचे भरून येणे, हे सारे भोवतालच्या तापमानावर चालते आणि आपल्या मानाने अतिशय संथ चालते. माणसाचे टाके आठ-दहा दिवसांत निघतात. सापाचे टाके महिना-दीड महिना, कधी पुढची कात टाकेपर्यंत राहू द्यावे लागतात. काही प्रतिजैविके सापाला तीन दिवसांतून एकदाच टोचतात, कारण औषध शरीराबाहेर पडण्याचा वेगही तसाच कमी. तेही शरीराच्या पुढच्या भागात. मागच्या भागातले रक्त मूत्रपिंडाकडे वळत असल्यामुळे तेथे टोचलेले औषध वाया जाण्याची किंवा अपाय करण्याची भीती असते. बहुतेक सापांचे एकच फुप्फुस कामाचे असते आणि ते शरीरात लांबवर पसरलेले असते. पाठीवरची साधी वाटणारी जखम त्यापर्यंत पोचली आहे का, हे रक्तात बुडबुडे दिसतात का, साप तोंड उघडून, डोके वर करून श्वास घेतो का, यावरून जाणकार ओळखतो. मोडलेले मणके क्ष-किरण चित्रावाचून कळत नाहीत. हे घरगुती काम नव्हे.

आणि ही संथता फसवी असते. जंतुसंसर्ग झालेला साप चार-सहा दिवस जसाच्या तसा दिसतो. आपण म्हणतो, बरी आहे. मग एके सकाळी ती डब्यात उताणी पडलेली असते.

दुसरे उत्तर खाण्याचे. नानेटी मुख्यतः लहान बेडकांवर जगते. तिला भात, अंडे, कोंबडीचे तुकडे चालत नाहीत. कोंबून घातले तर ती उलटून टाकते आणि त्यात उरलीसुरली शक्ती घालवते. धडधाकट साप दोन-तीन आठवडे सहज उपाशी राहतो, तेव्हा पहिल्या काही दिवसांत भरवण्याची गरजही नसते. पण महिनाभराच्या उपचारांत ती लागते, आणि रोजच्या रोज बेडूक धरून आणून एका जिवासाठी दुसरे वीस जीव देणे हा भूतदयेचा हिशेब कोणालाही नीट मांडता येणार नाही. त्यात बंदिवासाचा धसका. रानातला साप डब्याच्या भिंतीवर तोंड घासत राहतो, नाकपुडीजवळ नवी जखम करून घेतो आणि तोंड आतून पिकते. मूळ जखम भरली तरी ही जखम त्याला मारते.

तिसरे उत्तर कायद्याचे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा आहे. त्याच्या परिशिष्टांची फेरमांडणी २०२२ च्या दुरुस्तीने झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. कायद्याने संरक्षित साप मारणे तर गुन्हा आहेच. पण 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पकडणे, अडकवून ठेवणे हेही येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कलम ३९ नुसार असा प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो आणि तो ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्याला अथवा वन विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याला कळवले पाहिजे. दुरुस्तीनंतर सर्वसाधारण उल्लंघनासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पहिल्या परिशिष्टातील प्राण्यांच्या बाबतीत शिक्षा याहून कडक. एका नानेटीचा जीव वाचवू पाहणाऱ्या माणसाला कोणी तुरुंगात धाडील, असे मला वाटत नाही. पण कळवण्याची ही अट कटकट नसून सोय आहे, हे ध्यानात घ्यावे. वन विभागाला कळवले की सापाच्या उपचाराची जबाबदारी एकट्या आपल्या माथ्यावर राहत नाही, आणि त्याची नोंदही होते.

खरी अडचण यापुढे आहे, आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. साप पकडणारे गावोगावी आहेत. सापावर उपचार करणारे वैद्य मात्र मोजके. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्यांसाठी असतो. तेथील डॉक्टर सद्भावनेने जखम धुऊन देतील, कदाचित टाकाही घालतील, पण सर्पशस्त्रक्रिया हा त्यांचा रोजचा विषय नव्हे. कर्जत स्थानकापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे शंभर किलोमीटर. तेथे परळला बाई सकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय. त्याच परळमध्ये मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. दुसऱ्या बाजूला घाट चढून गेले की पुण्यात कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय, जेथील सर्पोद्यान नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने उभे राहिले. म्हणजे कोणत्याही दिशेने निघाले तरी अर्धा दिवस गेलाच. साप कोठे न्यायचा, हे वन विभागाला विचारून ठरवावे, आणि जाताना डबा मोटारीच्या मागच्या काचेखाली उन्हात ठेवू नये. डब्यावर एक चिठ्ठी चिकटवावी: साप कोठे सापडला, किती वाजता, इजा कशाने झाली, आपण काय केले. वैद्याला तिचा फार उपयोग होतो. तिचा दुसरा उपयोग पुढे येईल.

या सगळ्यात कोणी चावला गेला तर? नानेटीच्या किंवा विरोळ्याच्या चाव्याने विषबाधा होत नाही. जखम साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लशीसाठी डॉक्टरांना भेटावे. पण साप नेमका कोणता, याबद्दल तिळमात्र शंका असेल तर चावा विषारीच समजून माणसाला हालचाल करू न देता रुग्णालयात न्यावे. बांधणे, कापणे, चोखणे, मांत्रिक, यांत मिनिटेही घालवू नयेत. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. या आकड्यांपुढे एका नानेटीचा जीव लहान वाटेल; पण ज्या ज्ञानाने माणूस वाचतो तेच ज्ञान सापालाही वाचवते. ज्याला नानेटी आणि फुरसे यांतला फरक कळतो, तो पहिलीला मारत नाही आणि दुसऱ्याला हात लावत नाही.

काही वेळा वैद्य पाहून मान हलवतो. कणा मधोमध तुटलेला असतो, आतडी बाहेर आलेली असतात. अशा वेळी त्याने सुचवलेले दयामरण नाकारू नये. संथ शरीराला मरणही संथच येते. डोके चिरडलेल्या सापाचे हृदय बराच वेळ चालू राहते आणि वेदना किती काळ टिकते, हे बाहेरून कळत नाही. 'नैसर्गिकरीत्या जाऊ द्या' हे वाक्य येथे दयेचे नाही. मुलांना हे सांगणे जड जाते, तरी सांगावे. जिवावरच्या जखमा झालेल्या सापाला रानात परत नेऊन ठेवणे, म्हणजे आपल्या डोळ्यांआड करणे, एवढेच असते.

आणि जी बरी होते तिचे काय? तिला माथेरानच्या 'छान जंगलात' सोडण्याची कल्पना शहरी माणसाला हमखास सुचते. तसे करू नये. साप आपला इलाका ओळखून असतो; बिळे कोठे, बेडूक कोठे, उन्हाला कोठे बसायचे, हे त्याला ठाऊक असते. कर्नाटकातील आगुंबे येथे नागराज सापांच्या शरीरात रेडिओ-प्रक्षेपक बसवून २००८ पासून त्यांचा माग घेण्यात आला. दूर नेऊन सोडलेला साप आपल्या जागेतल्या सापापेक्षा कितीतरी अधिक भटकत राहतो, असे तेथे दिसले. नानेटी काही नागराज नव्हे, तिचे जग चार बांधांचे. म्हणूनच त्या चार बांधांपासून दहा किलोमीटर दूर ती पूर्णपणे परकी ठरते. डब्यावरच्या चिठ्ठीचा दुसरा उपयोग हाच. जेथे सापडली तेथेच, किंवा रस्ता असेल तर रस्त्यापासून थोडे आत, पण त्याच ओहोळाच्या काठी, वन विभागाच्या माणसासमक्ष तिला सोडावे.

नानेटी दिवसाचा प्राणी, म्हणून सकाळची वेळ बरी. पावसाची उघडीप पाहावी. डबा आडवा करून गवताच्या तोंडाशी ठेवावा, झाकण काढावे आणि मागे सरावे. ती लगेच बाहेर येत नाही. जीभ आतबाहेर करीत हवा चाचपत राहते, कधी दहा मिनिटे, कधी अर्धा तास. मुलीला सोबत न्यायला हरकत नाही; फक्त त्या अर्ध्या तासात तिने डबा हलवू नये.